राहिलेला उपप्रश्न

माझा भाऊ सरकारला प्रश्न विचारायला निघाला तेव्हा मी त्याला दारातच बजावलं होतं, "हे बघ, तुला भाषण करायला पाठवत नाहीये, विचारायला पाठवतेय. उत्तर मिळेपर्यंत खाली बसायचं नाही." आणि हा बसला! साऱ्या सभागृहादेखत, समाधानाने, पाहुणचार झाल्यासारखा टेकून बसला. अजूनही आठवलं की मला आधी हसू येतं आणि मग त्याच्या डोक्यात पळी घालावीशी वाटते.

गाव त्याला ठोक्या म्हणतं. निवडून आल्यापासून काही लोक ठोकेसाहेब म्हणायला लागलेत, पण मी मोठी बहीण आहे, माझ्याकडून साहेब-बिहेब व्हायचं नाही. राजकारणात पडायच्या आधी तो धक्क्यावरच्या शेडमध्ये मासळीचा लिलाव करायचा. पेटीशेजारच्या फळीवर लाकडी ठोकळा आपटला की सौदा पक्का, म्हणून ठोक्या. माझं कँटीन त्या शेडला लागूनच आहे, तेव्हा त्याचा प्रत्येक ठोका माझ्या कपबशांनी ऐकलेला आहे.

आमच्या शेडची एक रीत आहे, ती आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. तिथे बोली तोंडाने लागत नाही. शेजारच्या बर्फाच्या कारखान्यात बर्फ फोडायचं यंत्र उजाडल्यापासून असं घरघरत असतं की नवरा-बायकोचं भांडणसुद्धा खुणांनी चालतं. त्यामुळे लिलाव करणारा बोटांनी भाव दाखवतो आणि समोरच्यांच्या माना बघतो. ज्याची मान डोलली त्याची पेटी. कागद नाही, सही नाही. मागाहून "अहो, मी सहज मान डोलावली" असं म्हणायची सोय नाही. म्हणून आमच्या गावात माणसं मानेच्या बाबतीत भारी कंजूष. हो म्हणायचं तर तोंडाने हो म्हणतात, तेही घरात. बाहेरच्यांना आम्ही मख्ख वाटतो. वाटू दे.

माझा जावई बाहेरचा. लेकीने त्याला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा आमचे हे त्याला शेड दाखवायला घेऊन गेले. हे बोलतायत आणि तो शहाणा मुलगा मोठ्या माणसाचा आदर म्हणून प्रत्येक वाक्याला मान डोलावतोय. फळीवर ठोका पडला आणि बांगड्यांची एक अख्खी पेटी त्याच्या गळ्यात पडली. आता नवख्या माणसाला आम्ही पहिल्या चुकीला सोडतो, तेवढी माणुसकी आहे. ठोक्या स्वतःच म्हणाला, "जाऊ दे रे, तुला माहीत नव्हतं." तर हा म्हणतो, "मान माझीच डोलली ना?" पैसे दिले, पेटी खांद्यावर घेतली आणि शर्टाची बाही ओली करत घरी आला. त्या दिवशी साऱ्या आळीने बांगडे खाल्ले. झोपताना हे म्हणाले, "मुलगा ठीक आहे." आमच्या ह्यांच्या तोंडून 'ठीक' निघालं म्हणजे पुढे लग्नाची तारीखच काढायची.

तर लेक, जावई आणि माझी छोटी नात कँटीनच्या वरच्या मजल्यावर राहतात. जावई बर्फाच्या कारखान्यात यंत्रावर आहे. लेक खाडीपलीकडच्या सरकारी रुग्णालयात नर्स आहे. पहाटे तिची पावलं माझ्या छतावर वाजतात, मग जिन्यावर, मग कँटीनच्या मागच्या दारातून हात येतो आणि डबा उचलून जातो. "येते गं आई." ती पहिल्या बोटीने जाते. त्याच बोटीने शेडमधली मासळी पलीकडच्या मोठ्या बाजारात जाते, मास्तर जातात, कचेरीतली माणसं जातात. दुसरी बोट सुटेपर्यंत रुग्णालयातली पाळी सुरू झालेली असते आणि बाजारातलं गिऱ्हाईक पांगलेलं असतं.

ही पहिली बोट सरकारने बंद करायचं ठरवलं. फेरी रिकामी जाते, तोटा होतो, असं कारण. नव्या वर्षापासून बंद.

ठोक्याने ते कळल्यावर गावाच्या अर्थकारणावर बरंच काही सांगितलं. मासळी उशिरा पोचणार, भाव पडणार, बर्फाची मागणी घटणार, तरुण घरं पलीकडे जाणार, मग शाळेत मुलं उरायची नाहीत. सगळं खरंच होतं. पण मला खरं काय ते कळलं त्या संध्याकाळी, कप पुसताना. लेक म्हणाली, "आई, आम्ही पलीकडे एक खोली बघून ठेवलीय. दोन खिडक्या आहेत. नळ जवळ आहे." मी म्हटलं, "बरं." आणि धुतलेले कप पुन्हा पाण्यात घातले.

मला ते नको होतं. उगाच गावाचं नाव पुढे कशाला करू? गावाची काळजी ठोक्याने करावी. मला माझी लेक माझ्या डोक्यावर चालायला हवी होती, बस. नातीने सकाळी उठून माझ्या पदराला तोंड पुसायला हवं होतं. हे सोडून मला सरकारकडून काहीही नको होतं, रस्ता नको, दिवा नको, काही नको.

सभागृहात प्रश्न विचारायचा तर चिठ्ठ्या टाकतात म्हणे, आणि ठोक्याचा प्रश्न वर आला. मूळ प्रश्न लेखी देतात, त्याचं मंत्री उत्तर वाचून दाखवतात. मग विचारणाऱ्याला एक उपप्रश्न मिळतो. एकच. खरी पकड तिथे असते. आम्ही तो कँटीनमध्ये बसून घासूनपुसून तयार केला. ठोक्याचा पहिला मसुदा ऐकताना आमचे हे चक्क घोरायला लागले. मी कापत कापत एवढाच ठेवला: "पुढच्या वर्षी पहिली बोट सुटणार का, हो की नाही?"

"एवढंच?" तो हिरमुसला. "थोडी प्रस्तावना?"

"प्रस्तावना केलीस तर तुला जेवायला वाढणार नाही."

"ताई, मी जनतेचा प्रतिनिधी आहे गं."

"मग जनतेकडे जेव."

त्या दिवशी आम्ही सगळे सभागृहाच्या सज्जात जाऊन बसलो. खाली मऊ खुर्च्या, लांबलचक बाकं, आणि मधोमध आमचा ठोक्या, नवा कोट घालून. मंत्रिबाई उठल्या. चष्मा लावला आणि उत्तर वाचलं की, सदर फेरी तोट्यात असून ती पुढे चालू ठेवण्याची बाब शासनाच्या विचाराधीन आहे. अध्यक्ष म्हणाले, सन्माननीय सदस्यांनी उपप्रश्न विचारावा.

ठोक्या उठला आणि त्याने प्रस्तावना केली.

चांगली केली, हे मी कबूल करते. नर्सा आणल्या, मास्तर आणले, बर्फ वितळवला, शाळा ओस पाडली. माझाही ऊर भरून आला. "म्हणून, अध्यक्ष महोदय," तो म्हणाला, "ही बोट राहिलीच पाहिजे..." आणि त्याच वेळी मंत्रिबाईंनी त्याच्याकडे बघत मान डोलावली. चांगली दोनदा.

ठोक्या जागीच थबकला. त्याचा उजवा हात वर गेला. ठोकळा नव्हता, म्हणून त्याने मूठच बाकावर आपटली. "मान डोलली! सौदा झाला! आभारी आहे, अध्यक्ष महोदय." आणि खाली बसला.

सभागृहात खसखस पिकली. अध्यक्षांनी विचारलं, "सन्माननीय सदस्यांचा उपप्रश्न काय आहे?"

"आता कशाला?" ठोक्या म्हणाला. "झालं की."

अध्यक्ष पुढच्या प्रश्नाकडे वळले, तो कुठल्याशा रस्त्यावरच्या धुळीचा होता. सज्जात मात्र आमच्या गावची माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. आमच्या ह्यांनी डोळे पुसले. आणि मीसुद्धा क्षणभर हुरळले, खोटं कशाला बोलू. सारा जन्म शेडशेजारी काढलेला. मान डोलली म्हणजे पेटी आपली, हे हाडात मुरलेलं.

लेकीने माझा हात धरला. तिचा चेहरा पडलेला होता. ती पलीकडे नोकरी करते, तिला जगाची माहिती आहे. हळूच म्हणाली, "आई, इकडे मान डोलावतात म्हणजे फक्त 'ऐकू आलं' म्हणतात गं."

परतीच्या बोटीत मी ठोक्याला असं काही फैलावर घेतलं की नावाडी मुकाट तोंड फिरवून बसला. "एक वाक्य! एक वाक्य दिलं होतं मी तुला!"

"पण ताई, तिने मान डोलावली," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. बदमाशी करत नव्हता हो. त्याला खरंच कळत नव्हतं. ज्या माणसाने सारी हयात मानांवर विश्वास ठेवून पोट भरलं, त्याला कसं समजावणार?

गावाने तर बोट वाचली म्हणून बोटीची बाकं रंगवायला घेतली. पेपरात 'मान डोलली, बोट तरली' असं छापून आलं. ते वाचून तिकडे खात्यात धावपळ झाली असावी, कारण लगेच निरोप आला की मान डोलावणे म्हणजे आश्वासन नव्हे, आणि तसा गैरसमज होऊ नये म्हणून मंत्री स्वतः येऊन पाहणी करतील. निरोप वाचताना ठोक्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. दोन घास जेवला आणि उठला. मला बोलायला जागा होती, पण बोलवेना.

मंत्रिबाई आल्या त्या पहिल्या बोटीनेच. बोटीत त्या, एक अधिकारी आणि नावाडी, बाकी बाकांना ताजा रंग. अधिकारी उतरता उतरता म्हणाला, "बघा मॅडम, म्हटलं नव्हतं? रिकामी."

मी चहा घेऊन उभीच होते. म्हटलं, "साहेब, बोट रात्रभर पलीकडच्या धक्क्याला असते. सकाळी इकडे येताना रिकामीच येणार. भरते ती जाताना. तुमची माणसं कुठल्या बाजूने बसून मोजत होती?"

तो बुटाच्या नाडीकडे बघायला लागला. मंत्रिबाईंनी चहा घेतला. तोवर धक्क्यावर माणसं जमायला लागली होती. पांढऱ्या कपड्यातल्या नर्सा, डबे, पिशव्या, एका मास्तरांची सायकल, बर्फात पुरलेल्या पेट्या. बाई बघत राहिल्या. साध्या होत्या दिसायला, डोळ्यांखाली जागरण. एरवी मला आवडल्या असत्या.

ठोक्या त्यांना शेडमध्ये घेऊन गेला. मीही गेले, बोलावलं नव्हतं तरी. दारातच तो थांबला आणि यंत्राच्या आवाजावर ओरडला, "बाई, एक विनंती! आत काही झालं तरी मान हलवू नका!" आणि त्याने सगळी रीत समजावून सांगितली. लिलाव चालू असताना त्या पर्स छातीशी धरून अशा ताठ उभ्या राहिल्या, जणू कुणी फोटो काढतंय. डोळे तेवढे पेटीवरून मानेवर आणि मानेवरून पेटीवर फिरत होते. पेट्यांमागून पेट्या गेल्या. कुणी कुणाकडून सही घेतली नाही.

बर्फाच्या कारखान्याचं दार शेडमध्येच उघडतं. तिथे माझा जावई उभा होता. त्याने ठोक्यामामाचा चेहरा पाहिला, मंत्रिबाईंना पाहिलं, आणि आत जाऊन यंत्र बंद केलं. शेड एकदम इतकी शांत झाली की गळणाऱ्या बर्फाचं पाणी ऐकू यायला लागलं.

मंत्रिबाई मान न हलवता म्हणाल्या, "ठोकेसाहेब, त्या दिवशी तुम्ही बोलत होतात, मी ऐकत होते. म्हणून मान डोलावली. एवढंच होतं ते."

"ऐकायला कान असतात ना, बाई?" ठोक्याने विचारलं. अगदी मनापासून विचारलं. शेडमध्ये कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांना तोच प्रश्न पडला होता. बाईंनाच हसू आलं, पण मान ताठच.

मग ठोक्याने जे केलं ते पाहून मी कपाळावर हात मारून घेतला. तो म्हणाला, "चूक माझी आहे. तुम्हाला आमची रीत माहीत नव्हती आणि मी सौदा ठोकला. नवख्या माणसाला आम्ही पहिल्या वेळी सोडतो. तेव्हा ती मान मी सोडली. सगळ्यांसमोर सांगतो, बाई आमचं काही देणं लागत नाहीत."

हातातला मासा पाण्यात सोडावा तसा सोडून दिला हो त्याने! अधिकाऱ्याचा जीव भांड्यात पडला. माझ्याजवळ लेक येऊन उभी होती, खांद्याला पिशवी, बोटीची वेळ होत आलेली. मी तिच्याकडे बघितलंच नाही, मला त्या दोन खिडक्या दिसायला लागल्या.

"पण," ठोक्या म्हणाला, आणि दोन्ही हात मागे घेऊन सभागृहात उभा होता तसा उभा राहिला, "माझा एक उपप्रश्न राहिलाय. तेव्हा विचारला नाही म्हणून ताई मला धड जेवू घालत नाहीये. आता तुम्हाला रीत माहीत आहे, म्हणून विचारतो. पुढच्या वर्षी पहिली बोट सुटणार का, हो की नाही?"

प्रस्तावना नाही, काही नाही. इतकं सुरेख विचारलं माझ्या भावाने.

अधिकारी पुढे सरकला. "मॅडम, आधी वित्त विभागाचा अभिप्राय..."

बाईंनी त्याला हाताने थांबवलं. "यंत्र तर बंद आहे," त्या ठोक्याला म्हणाल्या. "तोंडाने सांगितलं तर चालेल?"

"चालेल की. पण तोंडाचं इथे कुणी धरत नाही."

त्यांनी शेडच्या दारातून बाहेर बघितलं. बोट भरत आली होती, मास्तर सायकल आडवी करून चढवत होते. मग त्यांनी समोर बघितलं, आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे, आणि मान डोलावली. एकदाच, सावकाश, हनुवटी पार गळपट्ट्याला टेकेपर्यंत.

नव्या लिलाववाल्याने आपला ठोकळा ठोक्याच्या हातात दिला. किती दिवसांनी तो फळीवर पडला! माझ्या कँटीनमधल्या कपबशा तिकडे किणकिणल्या असतील. लोक ओरडले, जावयाने आनंदाच्या भरात यंत्र पुन्हा चालू केलं, त्यामुळे ते ओरडणं कुणाला ऐकू गेलं नाही. सरकारी आदेश पुढे यथावकाश आला, तो धक्क्यावर काचेत लावलाय. गावात अजून कुणी वाचलेला नाही.

बोटीचा भोंगा झाला. लेकीने माझ्या कानाशी तोंड आणलं. "आई, त्या खोलीवाल्यांना नको म्हणून कळवू ना?"

मला तिला खूप काही सांगायचं होतं. कळव म्हणून सांगायचं होतं, आजच कळव, जाता जाता कळव. त्या दोन खिडक्या त्यांनाच लखलाभ म्हणावं. पण यंत्राच्या घरघरीत माझा आवाज मलाच ऐकू येईना. डोळे वाहायला लागले आणि मी नुसती मान डोलावली. एकदा, दोनदा, डोलावतच राहिले.

ठक्क!

दचकून बघते तर नव्या लिलाववाल्याने ठोकळा परत घेऊन पुढची पेटी केव्हाच फळीशेजारी ओढली होती. तो माझ्याकडेच बघत होता, ठोकळा फळीवर टेकलेला. बांगड्यांची पेटी, काठोकाठ भरलेली. सारी शेड वळून माझ्याकडे बघायला लागली. आयुष्य गेलं या शेडशेजारी, एकदाही मान हलली नव्हती माझी.

ठोक्या पोट धरून हसत होता. "सोडा रे तिला," तो ओरडला, "ताई नवखी आहे!"

मी पदराने डोळे पुसले. "मान माझीच डोलली ना?" मी म्हटलं. "आण ती पेटी इकडे."